सीड दाबण्याआधी टाइल्स मोजा

पाणलोटाच्या कामाचे नकाशे मी सांभाळते. जिओसर्व्हर या नकाशे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ओढे, नालाबांध, शेततळी आणि गटांच्या हद्दी असे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर आहेत, खाली उपग्रहाची प्रतिमा. हे नकाशे बघणारी माणसं बहुतेक वेळा शिवारात उभी असतात आणि फोनला जेमतेम एक काडी रेंज असते. नकाशा उमटायला वेळ लागला की फोन खिशात जातो आणि बांधाची जागा अंदाजाने दाखवली जाते. तो अंदाज पुढे महागात पडतो. म्हणून टाइल कॅशचं काम मी मनावर घेतलं. दर वेळी नकाशा नव्याने रंगवत बसायचं नाही. २५६ बाय २५६ पिक्सेलचे तुकडे, म्हणजे टाइल्स, आधीच करून ठेवायचे आणि मागणी आली की उचलून द्यायचे.

टाइल्स साठवणाऱ्या जिओवेबकॅशचं पान उघडून झूम ० ते १८ निवडायचं (आकडा मोठा तितका नकाशा जवळून) आणि सीड, म्हणजे टाइल्स आधीच भरून ठेवण्याचं बटण, दाबायचं, असं मी पहिल्यांदा केलं होतं. तुम्ही आधी कागद घ्या.

दर झूमला टाइल्स चौपट होतात. १८ व्या झूमला विषुववृत्तावर एका टाइलची बाजू साधारण १५३ मीटर असते. आपल्याकडे १९ अंश अक्षांशावर ती जमिनीवर १४५ मीटरच्या आसपास भरते. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे या एका झूमला दीड कोटीच्या जवळपास टाइल्स. पण सीडिंग राज्याच्या हद्दीने चालत नाही, चौकटीने चालतं. पालघरच्या किनाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत आणि सिंधुदुर्गापासून नंदुरबारपर्यंत चौकट आखली की अरबी समुद्र, तेलंगण, कर्नाटक, मध्य प्रदेश, सगळ्यांचे तुकडे आत येतात आणि आकडा तीन कोटींवर जातो. सेकंदाला ५० टाइल्स निघाल्या तरी सात दिवस. हीच चौकट १४ व्या झूमला सव्वा लाखाच्या आत बसते, चाळीस मिनिटांत संपते. ० ते १८ मधली शेवटची एकटी पातळी एकूण कामाचा पाऊण हिस्सा खाते.

त्यामुळे माझी पद्धत ठरली आहे. १४ पर्यंत सगळं राज्य. १५ ते १८ फक्त जिथे काम चालू आहे त्या गावांच्या छोट्या चौकटी, एकेक करून. उरलेलं मागणीवर सोडायचं: पहिला बघणारा थोडा थांबतो, टाइल साठते, दुसऱ्याला ती तयार मिळते. कुठली गावं आधी घ्यायची हे सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या मागण्यांच्या नोंदीत, दिसतं.

एक तपासणी मात्र चुकवू नका. ब्राउझरमध्ये टाइलचा प्रतिसाद उघडून हेडर, म्हणजे त्यासोबत येणारी माहिती, बघा. तिथे जिओवेबकॅशचा निकाल ‘हिट’ (साठ्यातून मिळाली) किंवा ‘मिस’ (साठ्यात नव्हती) असा लिहिलेला असतो. तीच टाइल दुसऱ्यांदा मागूनही ‘हिट’ येत नसेल, तर तुमचा नकाशा कॅशच्या पत्त्यावर जातच नाही किंवा त्याची ग्रिड, म्हणजे टाइल्सची जाळी, जुळत नाही. अशा वेळी कितीही सीड करा, उपयोग नाही.

आता मूळ डेटाकडे. टाइल सावकाश बनते त्याचं कारण मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे. प्रतिमा ईपीएसजी ३८५७ या वेबनकाशांच्या प्रक्षेपणात आधीच बदलून ठेवा, नाहीतर प्रत्येक टाइलसाठी ते गणित पुन्हा होतं. जीडीएएल या साधनाने तिचा क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ, म्हणजे तुकड्यातुकड्याने वाचता येणारी प्रतिमेची फाइल, करा. आतले चौकोनी तुकडे आणि ओव्हरव्ह्यू (प्रतिमेच्या लहान केलेल्या प्रती) दोन्ही एकदम मिळतात. ओव्हरव्ह्यू नसतील तर आठव्या झूमची एक टाइल काढायला सर्व्हर मोठाच्या मोठा मूळ डेटा वाचत बसतो. पोस्टजीआयएस या नकाशाच्या डेटाबेसमधल्या टेबलांना जिस्ट इंडेक्स, म्हणजे जागेवरून पटकन शोधणारी सूची, हवीच. आणि स्टाइलमध्ये स्केलचे नियम घाला: गटाच्या रेषा झूम १५ च्या आधी दिसून काय करणार? त्या रंगवण्यात वेळ जातो आणि नकाशा काळाकुट्ट होतो.

मेटाटाइल, म्हणजे एकत्र रंगवायच्या टाइल्सचा गठ्ठा, ४ बाय ४ ठेवा. सोळा टाइल्सचा नकाशा एकदाच रंगतो आणि मग कापला जातो. डेटाबेसला सोळाऐवजी एकच प्रश्न जातो आणि ओढ्याचं नाव प्रत्येक टाइलवर पुन्हा पुन्हा उमटत नाही. प्रतिमेला जेपीईजी, रेषांना आठ बिटांचा पीएनजी. जेपीईजीला पारदर्शकता नाही, म्हणून हद्दीबाहेरचा भाग भरीव रंगाचा येतो. जिओसर्व्हरमध्ये जेपीईजी-पीएनजी मिश्र प्रकार आहे, तो गरजेप्रमाणे दोन्हींतला योग्य निवडतो.

नावांचा लेयर वेगळा ठेवा, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. डेटाबेसमध्ये नाव बदललं तरी साठलेल्या टाइल्सवर जुनंच राहतं. नावं प्रतिमेवरच छापलेली असतील तर सगळा डोलारा पुन्हा सीड करावा लागतो. वेगळा लेयर असेल तर तेवढाच.

आणि सीडिंगआधी फाँट. लिनक्सच्या नव्या सर्व्हरवर देवनागरी फाँट नसला तर नावांच्या जागी रिकामे चौकोन येतात, आणि ते लाखो टाइल्सवर उमटल्यावर लक्षात येतं. नोटो सान्स देवनागरी टाका, जिओसर्व्हरच्या स्थितीच्या पानावर उपलब्ध फाँटच्या यादीत तो आला का बघा, मग ‘त्र्यंबकेश्वर’ आणि ‘श्रीगोंदा’ ही नावं मोठी करून वाचा. जोडाक्षरं नीट जुळली की पुढे जा.

डिस्कबद्दल. एकदा सीडिंग मध्येच थांबलं, तक्रार ‘जागा नाही’, आणि २५० जीबीच्या डिस्कवर निम्मी जागा मोकळी दिसत होती. संपले होते आयनोड, म्हणजे दर फाइलीला लागणारी नोंदीची जागा. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल व्यवस्थेत साधारण १६ केबीमागे एक आयनोड मिळतो, म्हणजे त्या डिस्कवर दीड कोटी फाइल्स. माझ्या टाइल्स सहा-सात केबीच्या होत्या. जागेआधी फाइलींची संख्याच भरली. डीएफ आदेशाला आय पर्याय देऊन (df -i) हा आकडा आधीच बघा. लहान टाइल्स फार असतील तर एमबीटाइल्समध्ये साठवा, हजारो टाइल्स एकाच फाइलीत राहतात आणि दुसऱ्या सर्व्हरवर नेणंही सोपं जातं.

सीडिंगचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, प्रोसेसरच्या कोअरइतकेच द्या. जिओसर्व्हरच्या डेटाबेस जोडणीत कनेक्शनची मर्यादा मुळात १० असते. १६ थ्रेड लावले तर उरलेले रांगेत उभे राहतात आणि त्यांच्या मागे शिवारातला माणूसही. मी रात्री दहानंतर लावते.

डेटा बदलला की सगळं पुसू नका. एका गावात चार नवे बांध नोंदले गेले तर त्या गावाची चौकट देऊन तेवढ्याच टाइल्स पुसा, १५ ते १८ पुन्हा सीड करा. १४ पर्यंतच्या झूमवर बांध दिसतच नाहीत, त्यांना हात लावायची गरज नाही. पावसाळ्यानंतरची नवी प्रतिमा आली की मात्र प्रतिमेचा लेयर पूर्ण पुन्हा बांधावा लागतो. त्यासाठी जुना चालू ठेवून शेजारी नवा लेयर तयार करा, आणि तो भरला की नकाशातला पत्ता बदला.