आरसिंक वापरताय? या चुका टाळा

फोल्डरच्या फोल्डर एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर न्यायचे असतील तर आरसिंकसारखं (rsync) दुसरं हत्यार नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा हा फाइली उतरवायचा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ साली आणलं, आणि अजून त्याच्यावाचून माझा एक दिवस जात नाही. जळगाव, भुसावळ, अमळनेर या पट्ट्यात फोटो स्टुडिओ, शाळा, छोटी दुकानं यांच्या मशीन मी सांभाळतो. फोन येतो तेव्हा दहातल्या आठ वेळा चूक तीच असते. म्हणून हे लिहून ठेवतोय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरंच लागतील.

पहिली चूक तिरप्या रेघेची, म्हणजे स्लॅशची. ‘गाणी’ हा फोल्डर ‘बॅकअप’मध्ये टाकायचा आहे. मूळ फोल्डरच्या नावापुढे स्लॅश नसेल तर आरसिंक तो फोल्डरच उचलतं, म्हणजे ‘बॅकअप/गाणी’ तयार होतं. स्लॅश असेल तर आतला माल तेवढा उचलतं आणि थेट ‘बॅकअप’मध्ये ओततं. ज्या फोल्डरमध्ये टाकायचं त्याच्या पुढच्या स्लॅशने असा फरक पडत नाही, सगळा खेळ मूळ फोल्डरच्या शेपटीचा आहे. आणि टॅब दाबून नाव पूर्ण केलं की टर्मिनल बहुतेक वेळा तो स्लॅश स्वतःच लावून देतं. आज टॅब दाबला, उद्या हाताने लिहिलं, परवा ‘बॅकअप/गाणी/गाणी’ सापडतं. ऐन लगीनसराईत एका स्टुडिओची डिस्क भरली म्हणून मला बोलावलं होतं. उघडून पाहिलं तर एकाच लग्नाचे फोटो एकात एक अशा तीन फोल्डरांत बसलेले.

इथवर फक्त जागा वाया जाते. ‘डिलीट’ हा पर्याय मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते दुसरीकडूनही पुसतो. तो जोडला की हीच रेघ गळ्याशी येते. ‘आरसिंक -ए --डिलीट गाणी /डिस्क/’ (‘ए’ म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, वेळ-मालक-परवानग्या जशाच्या तशा) असं लिहिलंत तर पुसापुशी ‘डिस्क/गाणी’च्या आतच राहते. ‘गाणी/’ लिहिलंत तर अख्खी डिस्क ‘गाणी’सारखी करायची असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या डिस्कवर जे जे दुसरं आहे ते सगळं जातं. माझी सवय साधी आहे: दोन्ही बाजूंना पूर्ण पत्ता लिहायचा, दोन्हीकडे फोल्डरचं नाव सारखं ठेवायचं, दोन्हीकडे स्लॅश द्यायचा. ‘गाणी/’ ते ‘बॅकअप/गाणी/’. नेहमी असंच. हात एकदा वळला की विचार करावा लागत नाही.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त छळते तिच्याकडे येतो. अमळनेर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना माई म्हणतो, बरीच वर्षं अहिराणी गाणी रेकॉर्ड करत आल्या आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या रात्री बाया जे म्हणतात ते. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली हळदीची गाणी. सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरावी म्हणून कुणीतरी त्यांना दोन ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल, करून दिली होती. त्यात ‘डिलीट’ होतं. आधी बघून घेणं कुठेच नव्हतं.

मे महिन्यात एका रात्री लाइन गेली आणि झटक्याने परत आली. संगणक यूपीएसवर होता, डिस्कचा अडॅप्टर मात्र साध्या बोर्डात. डिस्क गेली ती पुन्हा माउंट झालीच नाही, म्हणजे संगणकाला जोडली गेलीच नाही. पण ती ज्यात उघडते तो माउंटचा फोल्डर जागेवर होता, रिकामा. दोन वाजता स्क्रिप्ट उठली, तिला मूळ फोल्डरमध्ये काहीच दिसलं नाही, म्हणून तिने दुसऱ्या डिस्कवरचंही सगळं पुसलं. फोल्डर वाचताना खरी एरर आली असती तर आरसिंक पुसणं थांबवतं. रिकामा फोल्डर ही एरर नव्हे. त्याच्या लेखी काम नीट झालं होतं. बॅकअपची गरज ज्या रात्री पडली, त्याच रात्री बॅकअप गेला.

सकाळी माईंचा फोन आला: “भाऊ, गाना दिसतस नही.” मी गेलो आणि लॉग, म्हणजे स्क्रिप्टने काय केलं त्याची नोंद, उघडला. ‘डिलीटिंग’, पुढे गावाचं नाव, बाईचं नाव, तारीख. पुन्हा ‘डिलीटिंग’. माई शेजारी बसून एकेक नाव वाचत होत्या, आणि मधूनच सांगत होत्या की ही बाई आता नाही. रेकॉर्डरच्या कार्डावर शेवटच्या दोन गावांचं होतं, काही नातवांच्या फोनमध्ये निघालं. बाकीचं गेलं.

त्या दिवसापासून माझ्या हातून होणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी असतात. मूळ डिस्कवर ‘इथे-आहे’ नावाची एक रिकामी फाइल ठेवतो. ती दिसली नाही तर स्क्रिप्ट पुढे जातच नाही. ‘मॅक्स-डिलीट’ला आकडा देतो, बहुधा ५०, म्हणजे त्याहून जास्त फाइली एका फेरीत पुसल्या जात नाहीत. आणि ‘बॅकअप’ व ‘बॅकअप-डिर’ हे दोन पर्याय देतो, म्हणजे काढलेली फाइल तारखेच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. हाताने चालवताना ‘डिलीट’ सगळ्यात शेवटी टाइप करतो, तेही ‘एन’ लावून कोरडी फेरी घेऊन (त्यात काही बदलत नाही, काय होईल ते फक्त दिसतं) यादी वाचल्यावर. नवी पोरं म्हणतात, एवढं कोण वाचत बसणार? ज्याला दोन मिनिटांचा धीर नाही त्याने ‘डिलीट’ला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

फोल्डरच्या नावापुढे तारा, म्हणजे * हे चिन्ह, लावू नका. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली मागे राहतात.

फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ‘ए’ नको, ‘आर’ (आतले फोल्डर) आणि ‘टी’ (फाइलची वेळ) पुरे, सोबत ‘मॉडिफाय-विंडो’ १, म्हणजे वेळेतला एका सेकंदाचा फरक धरायचा नाही. फॅट वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने नोंदवतं, त्यामुळे न बदललेल्या फाइलीही पुन्हा पुन्हा जातात. ४ जीबीपेक्षा मोठा लग्नाचा व्हिडिओ त्यावर मावणारच नाही.

नेट तुटतं तिथे ‘मोठा पी’ (कॅपिटल P) लावा, तो अर्धी फाइल जपून ठेवतो. नाहीतर अर्धी उतरलेली फाइल टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

मराठी नावं आवरती ठेवा. लिनक्सच्या ईएक्सटी४ या डिस्क-फॉरमॅटवर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी सुद्धा. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर चाललेलं लांबलचक नाव इथे अडतं आणि आरसिंक शेवटी २३ हा कोड, म्हणजे ‘काही फाइली गेल्या नाहीत’ ही खूण, देऊन थांबतं. तो कोड बघत जा.

माईंनी आता गावाचं आणि बाईचं नाव वहीत लिहायला घेतलंय, फाइलीला फक्त तारीख आणि आकडा. श्रावणात त्या पुन्हा निघणार आहेत, ज्या बाया अजून आहेत त्यांच्याकडे. डिस्कचा अडॅप्टर मी यूपीएसवर घेतलाय, आणि त्या स्क्रिप्टची पहिली ओळ ‘इथे-आहे’ शोधते.