एकटीने दोन दिवस मुंबई, खिशाला परवडेल अशी

मी नाशिकची. वर्षातून दोनदा तरी एकटीच मुंबईला जाते. नवऱ्याला, मुलांना आधीच सांगून ठेवते, हे दोन दिवस माझे.

शनिवार-रविवार टाळा, आणि सोमवारही: घारापुरीची लेणी त्या दिवशी बंद असतात. मी मंगळवारी पंचवटी एक्सप्रेस पकडते. राहायचं ठिकाण स्टेशनाजवळच घ्या. पहिल्या खेपेला स्वस्त म्हणून लांबचा लॉज घेतला आणि वाचलेले पैसे टॅक्सीत गेले. आता सीएसएमटीची रिटायरिंग रूम बघते. गाडीच्या कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर तिचं ऑनलाइन बुकिंग होतं, पण लवकर करा.

जहांगीर आर्ट गॅलरीत फुकट जाता येतं. तिथून एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या चालत गाठता येतात. जेवण माटुंग्याला, उडप्याकडे.

पण सकाळ मात्र दादरच्या फुलबाजारासाठी राखून ठेवा. उजाडायच्या आत पोहोचा. ओल्या गोणपाटावर झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, पायाखाली चिखल आणि पाकळ्या एकत्र. हमाल डोक्यावर पाटी घेऊन ‘बाजूला, बाजूला’ करत येतो, तेव्हा खरंच बाजूला व्हा. चप्पल जुनी घाला. मी दरवेळी पाव किलो निशिगंध घेते, ओल्या कागदात गुंडाळून. परतीच्या गाडीत सगळा डबा घमघमतो.

लोकलला लेडीज डबा, आणि गर्दीच्या वेळी पर्स पुढे धरा.