राउटर म्हणतो ड्रॉप शून्य, मग पॅकेट जातंय कुठे?

शाखेतून फोन येतो: लाइन स्लो आहे, कॉलवर आवाज तुटतोय. लिंक चालू असते, पिंगही जातो आणि राउटरवर 'शो इंटरफेसेस' मारलं तर आउटपुट ड्रॉप्स (बाहेर जाताना फेकलेली पॅकेट) शून्य. मग प्रोव्हायडरकडे तिकीट टाकलं जातं, तिकडून 'आमच्या बाजूने लाइन ठीक' असं उत्तर येतं आणि दोन दिवस वाया जातात. पॅकेट नेमकं कुठे पडतंय हे आधी पकडायला हवं. उदाहरणासाठी सिस्को आयओएसचा (सिस्कोच्या राउटरवरची ऑपरेटिंग सिस्टिम) राउटर आणि २० एमबीपीएसची लीज्ड लाइन धरू. हँडऑफ, म्हणजे प्रोव्हायडर लाइन आपल्या हाती देतो ती जागा, मात्र गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टवर आहे, आणि निम्मी गोम तिथेच आहे.

आधी काउंटर पुसा

'शो इंटरफेसेस'मध्ये 'लास्ट क्लिअरिंग' समोर 'नेव्हर' असेल, तर दिसणारे ड्रॉप मागच्या आठवड्याचे की मागच्या वर्षीचे हे सांगता येत नाही. 'क्लिअर काउंटर्स' मारा आणि ऐन गर्दीच्या वेळी दहा-दहा मिनिटांनी दोन-तीनदा वाचन घ्या. इंटरफेसवर 'लोड-इंटरव्हल ३०' लावा. डिफॉल्ट सरासरी पाच मिनिटांची असते आणि तिच्यात दहा सेकंदांचा उसळलेला ट्रॅफिक पार विरघळून जातो.

आकडा टक्क्यांत बघा. ९ कोटी पॅकेटमागे १,२०० ड्रॉप म्हणजे ०.००१३ टक्के, त्यामागे लागू नका. टीसीपी (पडलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारी नेहमीची पद्धत) वेग वाढवत जातो आणि ड्रॉप झाला की मागे सरतो, त्यामुळे भरलेल्या लिंकवर थोडे ड्रॉप व्हायचेच. पण १ टक्का झाले तर गंभीर आहे. ४० मिलिसेकंदांच्या आरटीटीवर (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) १ टक्का लॉस असेल, तर जुन्या रेनो पद्धतीच्या टीसीपीचं एक कनेक्शन हिशोबाने साडेतीन एमबीपीएसच्या आसपास अडकतं. मागे लाइन २० ची असो वा २०० ची.

आता 'टीएक्सलोड', म्हणजे जाणाऱ्या दिशेला लाइन किती भरली आहे, ते बघा. तो २५५ पैकी दाखवतात. गिगाबिट पोर्टवर राउटर १००० एमबीपीएस धरून हिशोब करतो, म्हणून २० एमबीपीएसची लाइन गच्च भरली तरी तिथे ५/२५५ दिसतं. बघणाऱ्याला वाटतं लाइन रिकामी पडली आहे. 'बँडविड्थ २००००' दिलं की आकडा खरा होतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. या कमांडने वेग बांधला जात नाही. आणि ओएसपीएफ (राउटरांनी आपसात रस्ता ठरवायची पद्धत) चालू असेल, तर डिफॉल्ट रेफरन्सवर (१०० एमबीपीएस) त्या लिंकची कॉस्ट १ वरून ५ होते, आणि राउटर कमी कॉस्टचा रस्ता निवडतो. बॅकअप लिंक असेल तर भरदुपारी ट्रॅफिक तिकडे पळू शकतो, म्हणून हे काम संध्याकाळी करा.

तार आणि पोर्ट

सीआरसी (वाटेत बिघडून आलेल्या फ्रेम) किंवा इनपुट एरर वाढत असतील, तर क्यूओएसला (कोणत्या ट्रॅफिकला पुढे सोडायचं त्या सेटिंगला) हातही लावू नका. ती गर्दी नव्हे, तारेचा दोष आहे. आपल्याकडे शाखेत बहुतेकदा फायबर मीडिया कन्व्हर्टरवर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या तारेवर आणणारा डबा) उतरतं आणि तिथून तांब्याची पॅच कॉर्ड राउटरला येते. कन्व्हर्टर १०० फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं; हाफवर एका वेळी एकच) बांधलेला आणि राउटर ऑटोवर असेल, तर राउटरला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, आणि तो हाफवर जातो. मग राउटरवर लेट कोलिजन (फ्रेम पाठवताना उशिरा होणाऱ्या टकरी) वाढतात, पलीकडे सीआरसी. पिंग जातो, मोठी फाइल मात्र रखडते. दोन्ही बाजू ऑटो ठेवा, नाहीतर दोन्ही बाजू बांधा. एक बांधलेली आणि एक मोकळी असं कधीही ठेवू नका. शिवाय कॉर्ड बदलून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पोलिसर आणि शेपर

तार स्वच्छ आहे, ड्रॉप शून्य आहेत, तरी आवाज तुटतोय. आता मूळ कारणाकडे येऊ. आपला राउटर गिगाबिट पोर्टवर पॅकेट गिगाबिटच्या वेगाने सोडतो. त्याच्या दृष्टीने रांग लागतच नाही, म्हणून ड्रॉपही नाहीत. पलीकडे प्रोव्हायडरचा पोलिसर बसलेला असतो. २० एमबीपीएसच्या वर आलेलं तो सरळ फेकतो. त्याच्याकडे थांबवून ठेवायला रांग नसते, आणि आवाजाचं पॅकेट कुठलं, बॅकअपचं कुठलं हे तो सहसा बघत नाही. मिनिटाची सरासरी १२ एमबीपीएस असली तरी काही मिलिसेकंदांच्या झोतात पॅकेट पडतात.

उपाय हा की गर्दीची रांग आपल्याच राउटरवर लागेल असं करायचं, म्हणजे कोणाला पुढे सोडायचं हे आपण ठरवू. त्यासाठी शेपर, म्हणजे जादा पॅकेट न फेकता रांगेत थांबवून ठरलेल्या वेगाने सोडणारी सोय, आणि दोन पातळ्यांची पॉलिसी लागते. राउटरवर या ओळी अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या:

पॉलिसी-मॅप आतली
 क्लास व्हॉइस
  प्रायॉरिटी १०००
 क्लास क्लास-डिफॉल्ट
  फेअर-क्यू
पॉलिसी-मॅप बाहेरची
 क्लास क्लास-डिफॉल्ट
  शेप अ‍ॅव्हरेज १९००००००
  सर्व्हिस-पॉलिसी आतली

आणि वॅन इंटरफेसवर 'सर्व्हिस-पॉलिसी आउटपुट बाहेरची'. व्हॉइस क्लासमध्ये डीएससीपी (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) ईएफ, म्हणजे ४६, असलेली पॅकेट घ्या. फोनपासून राउटरपर्यंतचा स्विच ही खूण पुसत नाही ना, हेही तपासा.

शेप २० ऐवजी १९ एमबीपीएसवर का? इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमसोबत तारेवर प्रीअ‍ॅम्बल (फ्रेमच्या आधीची सुरुवातीची खूण) आणि मधली मोकळी जागा मिळून २० बाइट जातात. शेपर ते मोजत नाही, प्रोव्हायडर मोजत असेल तर पंचाईत. छोटी पॅकेट जितकी जास्त, तितका हा फरक मोठा. ९५ टक्क्यांपासून सुरुवात करा आणि तरी लॉस दिसला तर आणखी खाली या.

हे लावल्यावर आउटपुट ड्रॉप्स वाढलेले दिसतील आणि कोणीतरी घाबरून पॉलिसी काढायला सांगेल. काढू नका. आधी जे पलीकडे गुपचूप पडत होतं, ते आता 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस'मध्ये क्लासनिहाय दिसतंय. डिफॉल्ट क्लासमध्ये ड्रॉप असतील तर चालेल, व्हॉइसमध्ये एकही नको.

व्हॉइसमध्ये ड्रॉप असतील तर कॉल मोजा. जी.७११ (आवाज डिजिटल करायची पद्धत) चा एक कॉल, २० मिलिसेकंदांची पॅकेट धरून, इथरनेटवर प्रत्येक दिशेला ८७.२ केबीपीएस खातो. प्रायॉरिटी १००० (हा आकडा केबीपीएसमध्ये) म्हणजे ११ कॉल. गर्दीच्या वेळी बारावा कॉल आला की राउटर वरचा भाग कापतो, पण बाराव्याचाच असं नाही. बाराच्या बारा कॉलचा आवाज थोडाथोडा तुटतो. म्हणून एकेका फोनची तक्रार वेगवेगळी तपासत बसलात तर हाती काही लागत नाही.

ड्रॉप दिसले की रांग वाढवायचा मोह होतो. आधी गणित करा. 'क्यू लिमिट ६४ पॅकेट्स' असेल, तर १,५०० बाइटची ६४ पॅकेट म्हणजे ७,६८,००० बिट. १९ एमबीपीएसवर ती उपसायला ४० मिलिसेकंद लागतात, हे ठीक. तीच रांग २ एमबीपीएसच्या लाइनवर ३८४ मिलिसेकंदांची होते. ५१२ केली तर १९ एमबीपीएसवरही ३२३ मिलिसेकंद. ड्रॉप कमी होतील, पण स्क्रीन उघडायला वेळ लागतो ही तक्रार वाढेल.

येणारा ट्रॅफिक

शेपर फक्त जाणाऱ्या दिशेला काम करतो. डाउनलोडने लाइन भरत असेल, तर रांग प्रोव्हायडरच्या राउटरवर असते. एमपीएलएस (शाखांना मुख्य कार्यालयाशी जोडणारी प्रोव्हायडरची खासगी सेवा) असेल तर मुख्य कार्यालयाच्या राउटरवर प्रत्येक शाखेसाठी १९ एमबीपीएसचा वेगळा शेपर लावा. इंटरनेट लाइन असेल तर लाइन कोण खातोय ते नेटफ्लोवर (कोणाचा किती ट्रॅफिक ते दाखवणारी राउटरची सोय) शोधा. बहुतेकदा सापडतं ते साधंच असतं: सगळ्या पीसींना एकदम आलेलं विंडोज अपडेट, किंवा कोणाचं तरी क्लाउडवरून चाललेलं सिंक. त्याची वेळ रात्रीची केली की बँडविड्थ वाढवायची गरजच पडत नाही.

इनपुट क्यूचे ड्रॉप मात्र वेगळ्या जातीचे. 'इनपुट क्यू: ०/७५/४१२/०' यात ७५ ही मर्यादा आणि ४१२ हे ड्रॉप. राउटरच्या सीपीयूला पॅकेट आवरत नाहीत असा त्याचा अर्थ. 'शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड' मारा. '९२%/१५%' असं दिसलं, तर पहिला आकडा एकूण, दुसरा इंटरप्टचा (पॅकेट झटपट पुढे ढकलण्यात गेलेला वेळ). दोन्हींत एवढी तफावत आणि वर 'आयपी इनपुट' असेल, तर पॅकेट सीईएफने (सिस्कोची जलद वाट) न जाता एकेक करून सीपीयूकडे चाललीत. एसीएलच्या (कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं ती यादी) ओळीमागे राहिलेला 'लॉग' हा शब्द किंवा टनेलवरचं फ्रॅगमेंटेशन (मोठ्या पॅकेटचे तुकडे होणं) ही नेहमीची कारणं. जीआरई टनेलवर आयपीसेक (एन्क्रिप्शन) असेल तर पॅकेट लहान ठेवायला टनेलवर 'आयपी एमटीयू १४००' आणि 'आयपी टीसीपी अ‍ॅडजस्ट-एमएसएस १३६०' द्या. 'होल्ड-क्यू', म्हणजे ती ७५ ची मर्यादा, वाढवणं ही नुसती मलमपट्टी.

प्रोव्हायडरला पुरावा

ट्रेसमध्ये (पॅकेटच्या वाटेतले राउटर दाखवणारी चाचणी) मधल्या एखाद्या हॉपवर, म्हणजे राउटरवर, ३० टक्के लॉस आणि शेवटच्या हॉपवर शून्य दिसला, तर तो लॉस नाही. तो राउटर स्वतःला आलेल्या पिंगना उत्तर द्यायचं टाळतोय, एवढंच. असा स्क्रीनशॉट तिकिटाला जोडलात तर तिकीट बंद होऊन परत येईल.

त्याऐवजी ऑफिस सुटल्यावर दोन्ही टोकांना आयपर्फ३ (लाइनचा वेग आणि लॉस मोजणारा प्रोग्राम) चालवा. यूडीपी (टीसीपीसारखा मागे न सरणारा ट्रॅफिक), १,४०० बाइटची पॅकेट, ६० सेकंद, आधी १० एमबीपीएस आणि मग १८. हेच उलट दिशेनेही करा. चाचणीपुरता शेपर काढून २५ एमबीपीएस सोडले, तर साधारण २० टक्के लॉस येणारच, ते पोलिसरचं काम आहे. पण १० एमबीपीएसवरही १ टक्का जात असेल आणि तुमचे सीआरसी शून्य असतील, तर दोष पुढे आहे. ते आकडे, दिशा, वेळ आणि चाचणीच्या आधी व नंतर घेतलेलं 'शो इंटरफेसेस' एकाच मेलमध्ये पाठवा.