जुन्या माझदा एमएक्स-५ चा गिअरबॉक्स बदलण्याआधी या चुका टाळा

माझदा एमएक्स-५, म्हणजेच अमेरिकेतली मियाटा, १९८९ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या १.६ लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जेमतेम १३५ न्यूटन-मीटर होता आणि त्या मानाने तिचा पाच गिअरचा गिअरबॉक्स भक्कमच होता. पहिल्या खेपेच्या त्या गाड्यांनी आता तिशी ओलांडली आहे आणि त्यांतल्या कित्येकींना नंतर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र, बसवलेला आहे. गिअर अडखळू लागला की मालक लगेच पुढच्या पिढीतला सहा गिअरचा गिअरबॉक्स शोधू लागतात, पण दुखणे बरेचदा दुसरीकडेच असते.

इंजिन चालू असताना पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्सला खरखर होते, मात्र इंजिन बंद केले की सगळे गिअर सहज पडतात, अशी लक्षणे असतील तर आधी क्लच पूर्ण सुटतो का ते पाहावे. या गाडीत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा गिअरबॉक्सजवळचा सिलिंडर, गळणे ही नेहमीची तक्रार आहे. गाडीखाली जाऊन त्याची रबरी टोपी मागे सरकवावी. आत ओल दिसली तर सिलिंडर बदलून लाइनमधली हवा काढावी आणि पेडलकडचा मास्टर सिलिंडरही तपासावा. याउलट, फक्त दुसऱ्याच गिअरला, तेही गाडी थंड असताना खरखर येत असेल, तर संशय झिजलेल्या सिंक्रो रिंगवर (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग घर्षणाने सारखा करणाऱ्या कडीवर) घ्यावा.

गिअर लिव्हरच्या बुडाशी मुख्य गिअरबॉक्सपासून वेगळे असे थोडे ऑइल असते, हे अनेक मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. तिथली रबरी बुटे (आवरणे) फाटली की लिव्हर जड होतो आणि गाडीत उष्णता व आवाज येऊ लागतो. मुख्य ऑइल ७५डब्ल्यू-९० दाटपणाचे आणि शक्यतो जीएल-४ दर्जाचे घ्यावे, कारण डिफरन्शियलसाठी (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचासाठी) बनवलेली काही जीएल-५ ऑइले इतकी निसरडी असतात की सिंक्रो रिंगला पकड मिळत नाही. जुने ऑइल सोडण्यापूर्वी भरण्याचा प्लग उघडतो की नाही हे मात्र आधी पाहावे. तो गंजून बसलेला असेल तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरच अडकून पडते.

आता ताकदीचा प्रश्न. गिअरच्या दात्यांवरचा भार हॉर्सपॉवरवर नव्हे, टॉर्कवर अवलंबून असतो, आणि तो वाढला की दाते एकमेकांना दूर रेटतात, शाफ्ट किंचित वाकतात आणि सगळा भार दात्यांच्या कडेवर येऊन ते तुटतात. म्हणूनच चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर) टर्बोचा पूर्ण दाब मागणे सर्वात घातक ठरते. स्प्रिंग नसलेली कडक क्लच प्लेट हा धक्का आणखी थेट पोहोचवते. तरीही १.६ लिटरच्या गाडीत गिअरबॉक्सच्या आधी बहुधा डिफरन्शियलच मोडते, कारण त्याचे क्राउन व्हील, म्हणजे आतले मोठे दातेरी चाक, ६ इंचांचे आहे. १९९४ च्या १.८ लिटर मॉडेलपासून ते ७ इंचांचे झाले, तेव्हा टर्बोवाल्यांनी खर्च आधी तिथे करावा.

सहा गिअरचा गिअरबॉक्स अधिक मजबूत आहे हे खरे, पण हायवेवर इंजिन शांत चालेल या आशेने तो बसवणाऱ्यांची निराशा होते. गुणोत्तराचा आकडा मोठा तितके त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जास्त; जुन्या पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८१४ आहे आणि नव्या सहाव्याचे ०.८४३, म्हणजे तेच डिफरन्शियल ठेवले तर त्याच वेगाला आरपीएम थोडे वाढतातच. शिवाय पहिला गिअर ३.१३६ वरून ३.७६० वर जातो, त्यामुळे १.६ च्या मूळ ४.३ गुणोत्तराच्या डिफरन्शियलसोबत तो गाडी हलताच संपतो. माझदाने अमेरिकेतल्या बहुतेक सहा गिअरच्या गाड्यांना ३.९ चे डिफरन्शियल दिले होते. माझ्या मते त्याच्याशिवाय हा बदल करू नये.

गिअरबॉक्स उतरवताना तो डिफरन्शियलशी अॅल्युमिनियमच्या एका लांब फ्रेमने जोडलेला आहे हे विसरू नये. फ्रेम सोडली की डिफरन्शियलचे नाक झुकते, म्हणून दोन्हींना आधीच जॅकचा आधार द्यावा आणि पुन्हा कसताना सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे उंची जुळवावी, नाहीतर वेगात गाडीला कंपने येतात.