आपल्या भागातल्या बंद टॉकीजचा इतिहास शोधायचाय? असं करा

सगळ्यात आधी नाव पक्कं करा, घोळ तिथेच होतो. जागा एकाची, चालवणारा दुसरा, आणि लोकांच्या तोंडात बसलेलं नाव तिसरंच. पुण्यातलं अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात घ्या, १९३४ ला सुरू झालं तेव्हा ते किबे लक्ष्मी थिएटर होतं, मग प्रभात फिल्म कंपनीवाल्यांकडे चालवायला गेलं आणि २०१४ च्या शेवटी परत मूळ मालक किबेंकडे आलं, पाटीही पुन्हा जुनीच लागली. आता नुसतं "प्रभात" शोधलंत तर २०१४ ला टॉकीज बंद झालं एवढंच हाती लागेल.

मग जागा. गूगल मॅप नंतर बघा, आधी चौकांची, बसस्टॉपची, पार्किंगची नावं बघा. मंडईजवळ आर्यन पार्किंगमध्ये रोज गाडी लावणाऱ्या कितीजणांना माहितीय की तिथे आर्यन सिनेमा होता? १९१५ ला बापूसाहेब पाठकांनी सुरू केलेलं, पुण्यातलं पहिलं कायमचं थिएटर, १९८३ ला पाडलं. गिरगावात मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरचंही तेच, १४ मार्च १९३१ ला आलम आरा, म्हणजे आपला पहिला बोलपट, लागला तो त्या जागेवरच्या मॅजेस्टिक सिनेमात.

तारखांसाठी जुन्या पेपरांतल्या सिनेमाच्या जाहिराती, याला तोड नाही. लेख नका वाचत बसू, लेखांत आठवणी असतात. जाहिरातीत टॉकीजचं नाव, खेळांच्या वेळा, कितवा आठवडा, सगळं छापलेलं असतं. शुक्रवारचे अंक आधी काढा कारण नवीन पिक्चर शुक्रवारी लागतो, आणि शेवटून मागे या, म्हणजे जाहिरात कुठल्या महिन्यात गायब झाली ते बघा, टॉकीज साधारण तेव्हाच बंद झालं असं धरायचं (महिनाभर दुरुस्तीला बंद असेल तर फसाल, म्हणून पुढचे दोनतीन महिनेही चाळा). दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुण्याचं नगर वाचन मंदिर, अशा जुन्या वाचनालयांत विचारा, फाइली जपून उलटा, कागद पार कुरकुरीत झालेला असतो. मूकपटाच्या काळातलं टॉकीज असेल तर १९२७-२८ च्या सरकारी सिनेमॅटोग्राफ कमिटीचा रिपोर्ट नेटवर फुकट आहे, इंग्रजीत आहे आणि कंटाळवाणा आहे, पण थिएटरवाल्यांच्या साक्षी भारी आहेत.

"नंतर काय झालं" हे कळायला मात्र नगर भूमापन ऑफिसचं प्रॉपर्टी कार्डच लागतं. जागेचा सीटीएस नंबर (म्हणजे नगर भूमापन क्रमांक) काढा, कार्ड ऑनलाइनही मिळतं. धारक कोण, जागा भाडेपट्ट्यावर होती का, फेरफार कधी झाले, सगळं त्यात येतं. बरेचदा लोक म्हणतात टीव्हीने मारलं, व्हिडिओने मारलं, आणि कार्ड बघितलं की वारसांची वाटणी नाहीतर भाडेपट्टा संपलेला दिसतो! सिनेमाचं लायसन्स जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसकडे आणि मुंबईत पोलीस कमिशनरकडे असायचं, जुनी फाइल शिल्लक असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

इमारत उभी असेल तर आत जाऊन बघाच, आता गोडाऊन असो की मंगल कार्यालय. मागच्या भिंतीत उंचावर चौकोनी भोकं म्हणजे ऑपरेटरची केबिन, उताराची फरशी, बाहेर उघडणारे भरपूर दरवाजे. फोटो विचारून काढा.

माणसं शेवटी गाठा, हातात तारखा असताना. डोअरकीपर, ऑपरेटर, बुकिंगवाले, समोरचा चहावाला. "कसे दिवस होते हो?" असं विचारलंत तर गप्पाच मिळतील. त्यापेक्षा विचारा, बाल्कनीचं तिकीट कितीला होतं, ब्लॅक कोण करायचं, एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालायची तेव्हा रीळं सायकलवरून कोण न्यायचं. आणि पिक्चर किती आठवडे चालला हे कुणीही कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी जाहिरातीशी ताडून बघा, बहुतेक वेळा पंचवीसचे पन्नास झालेले असतात.