रशियन चांदीचे पशुपक्षी: ठसा वाचताना आणि घासताना या चुका टाळा

झारकालीन सेंट पीटर्सबर्गमधल्या उमरावांच्या टेबलावर चांदीचे प्राणीच प्राणी असत. कुठे सशाच्या आकाराची सुरई, कुठे पक्ष्याच्या घाटाचा कोव्श म्हणजे दांड्याचे रशियन पेयपात्र, तर कुठे शेपटीच्या टोकाला वात असलेले माकड, सिगार पेटवायला. फाबर्जे या नामांकित रशियन जवाहिरे पेढीसाठी अशी कामे करण्यात युलियस रापोपोर्ट या पीटर्सबर्गच्या कारागिराचा हातखंडा होता. नाव मोठे, म्हणून नकलाही भरपूर.

पहिली चूक ठशातला शुद्धतेचा आकडा वाचताना होते. ‘८४’ म्हणजे ८४ टक्के नव्हे. रशियात शुद्ध चांदी ९६ झोलोत्निक (जुने रशियन वजनाचे माप) धरत, म्हणून ८४ म्हणजे हजारात ८७५ भाग, आणि ८८ म्हणजे सुमारे ९१६.

दुसरी चूक म्हणजे कोकोश्निक हा पारंपरिक रशियन शिरपेच घातलेल्या स्त्रीचा ठसा दिसला की निर्धास्त होणे. तिचे तोंड कुठे आहे ते पाहा. १८९९ ते १९०८ या काळात ते डावीकडे असून शेजारी तपासनिसाची आद्याक्षरे असत. १९०८ नंतर ते उजवीकडे वळले आणि आद्याक्षरांच्या जागी शहराचे ग्रीक अक्षर आले: पीटर्सबर्गला अल्फा, मॉस्कोला डेल्टा. रापोपोर्टच्या नावाने विकायला आलेल्या प्राण्यावर डेल्टा असेल तर हात आखडता घ्या. दहापट भिंगाखाली ठशाच्या कडाही तपासा. ठोकलेल्या ठशाच्या कडा धारदार असतात. खऱ्या वस्तूचा साचा काढून ओतलेली नक्कल असेल, तर ठसा बोथट दिसतो आणि आत बारीक छिद्रे सापडतात. झाकण होणारे डोके सुटे असेल, तर त्यावरचे ठसे धडाशी जुळतात का तेही बघा. एका वस्तूचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवलेले असू शकते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र घरातच होते. टूथपेस्ट, रांगोळी, राख यांतली कणी चांदी खरवडते. सशाच्या कानामागे छिन्नीने कोरलेली लव केसाइतकी बारीक असते. दर सणाला घासत राहिले की तिथे नुसता गुळगुळीत कान उरतो. खाचांतला काळसरपणा हवाच, त्यानेच लव उठून दिसते. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचे गरम पाणी तोही काढून टाकते. शिवाय वस्तूचे अंग काचेचे आणि डोके चांदीचे असेल, तर त्यांच्या सांध्यात बहुधा प्लास्टर असते; ते पाण्यात भिजले की डोके डुगडुगू लागते. म्हणून कोमट पाण्याचे दोन थेंब आणि सौम्य साबण लावलेला मऊ सुती कपडा पुरे. लगेच कोरडे करा. खड्यांच्या डोळ्यांभोवती ओल नको, ते लाखेने किंवा गोंदाने बसवलेले असू शकतात. आतला सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, त्याला पॉलिश लावूच नका.

ठेवताना रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र टाळा. त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.

पाय निखळला तर सोनाराला आधी बजावा: शिसे-कथिलाचा डाख नको. पुढे कोणी तो भाग तापवला, तर तेच शिसे चांदी पोखरते आणि पायाजागी भोक पडते.