मृगाआधी गोठ्याला चुना: आधी सांधी, मग कुंचा

मे महिना सरत आला की गोठ्याला चुना मारायची लगबग सुरू होते. वेळ अगदी बरोबर आहे. जनावरं दिवसभर झाडाखाली बांधता येतात, भिंती आतपर्यंत कोरड्या असतात, आणि ७-८ जूनला मृग लागायच्या आत चुन्याला भिंत धरायला काही दिवस मिळतात. पाऊस लागल्यावर मारलेला चुना धड वाळत नाही, पायथ्याशी तर शिंतोड्यांनी धुऊनच जातो. पण भिंत पांढरी दिसली म्हणजे गोठा निर्जंतुक झाला असं समजू नका. खरी मेहनत दोन ठिकाणी घ्यायची आहे: भिंतीच्या सांधी बुजवण्यात आणि चुना ताजा मिळवण्यात.

सांधींचं आधी बोलू, कारण घाई तिथेच होते. आपण गोचिडी मोजतो त्या जनावराच्या अंगावरच्या. पण रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, जवळची भेग गाठते, तिथे २००० ते ३००० अंडी घालते आणि मरते. उबदार, दमट हवेत साधारण २ ते ४ आठवड्यांत अंडी फुटतात आणि बारीक पिलं पुन्हा जनावर शोधायला लागतात. संकरित गाईंना थायलेरिया या रक्तातल्या परजीवीचा गोचीड ताप देणारी गोचीड तर कात टाकायलाही भिंतीच्या फटीतच जाऊन बसते. म्हणून चुना कालवण्याआधी बॅटरी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गोठ्यात एक चक्कर मारा. गव्हाणीची मागची बाजू, खुंट्याचं बूड, दाराच्या चौकटीमागची फट, विटांचे सांधे जिथे उघडे पडलेत ती जागा, सगळीकडे टोक घालून उकरा. राखाडी पोकळ साली, तपकिरी चकचकीत अंड्यांचे पुंजके बाहेर आले तर तिथे खूण करून ठेवा. अशा भेगेवरून नुसता कुंचा फिरवला तर वरचं तोंड पांढरं होतं, आतली अंडी सुखरूप राहतात.

मग साफसफाई. भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टा शेणाने, लाळेने, अंग घासून घासून काळा झालेला असतो. तो खरवडून काढा. शेणाच्या थरावर चुना मारला तर चुन्याचा जोर शेणातच जिरतो आणि वाळल्यावर पोपडा गळून पडतो. जुन्या चुन्याचे सुटलेले पापुद्रेही काढा. नंतर १० लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून ब्रशने भिंत आणि गव्हाण घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि वाळू द्या.

वाळल्यावर खूण केलेल्या भेगांतून फ्लेमगन, म्हणजे गॅसची ज्योत सोडणारी नळी, फिरवता येते. कडबा, भुसा, गोणपाटं आधी बाहेर काढा, वायरिंग कुठून गेलंय ते बघा, पाण्याची बादली हाताशी ठेवा. कुडाच्या किंवा गवताने शाकारलेल्या गोठ्यात ही आग अजिबात नको. जाळून झालं की भेगा सिमेंट-वाळूच्या मालाने बुजवा. मातीची भिंत असेल तर शेण-मातीचं लिंपण दाबून भरा. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांना मुळातच भोकं असतात, तिथे कुंच्याने कितीही चुना पाजला तरी तो आत जिरत राहतो. निदान कमरेइतक्या उंचीपर्यंत गिलावा केलेला बरा. खर्च होतो, पण गोचिडीवरच्या औषधांवर दरवर्षी जाणारा पैसा आठवून बघा.

आता चुना. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे न विरवलेले खडे, पाण्यात टाकला की विरतो आणि तयार होणाऱ्या निवळीचा सामू (pH) १२ च्या वर जातो. जंतू मरतात ते या तीव्र अल्कलीमुळे. तोच चुना उघडा पडला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खडू बनतो. रंग पांढराच राहतो, जोर मात्र गेलेला असतो. गेल्या वर्षीचं उघडं पोतं कोपऱ्यात असेल तर ते गोठ्यासाठी वापरू नका. पारख सोपी आहे. कळीचा खडा लोखंडी घमेल्यातल्या पाण्यात टाका: ताजा असेल तर थोड्याच वेळात सूं-सूं आवाज करतो, तडकतो, वाफ सोडतो आणि फुलून पीठ होतो. मेलेला खडा तसाच पडून राहतो. तयार फक्कीचं, म्हणजे आधीच विरवलेल्या चुन्याच्या भुकटीचं पोतं घेत असाल तर चिमूटभर फक्कीवर लिंबू पिळा. जोरात फसफसली तर तिचा बराच खडू झालाय, ते पोतं परत करा.

विरवताना लोखंडी पिंप घ्या. प्लॅस्टिकचं नको, पाणी उकळण्याइतकं तापतं. पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे खडे. खड्यांच्या ढिगावर पाणी ओतलं तर गरम चुना अंगावर उडतो. एक किलो कळीला सुमारे ५ लिटर पाणी धरा. ढवळून २४ तास झाकून ठेवा आणि जाडसर कापडातून गाळून घ्या. चिकटपणासाठी १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून टाका. बरेच जण मीठ टाकतात आणि चुना त्याने टिकतोही, पण जनावरांची जीभ पोचते तिथे मीठ टाळा. वासरं आधीच भिंती चाटत असतात, खारट भिंत तर ती सोडणारच नाहीत. भिंत चाटण्याची सवय फारच असेल तर खनिज मिश्रणाची कमतरता आहे का, तेही तपासून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: चुन्यात गोचिडीचं औषध कालवू नका. मॅलॅथिऑन काय किंवा डेल्टामेथ्रिन काय, तीव्र अल्कलीत ही औषधं विघटित होतात. औषधाचे पैसे जातात आणि फवारणी झाली असं वाटून आपण निर्धास्त राहतो, हे त्याहून वाईट. फवारणी वेगळी, वेगळ्या दिवशी, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने.

डोळ्यांची काळजी घ्या. छताच्या बाजूला कुंचा वर धरला की ओघळ सरळ तोंडावर येतो. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने निदान १५-२० मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. लहान मुलांना पिंपाजवळ फिरकू देऊ नका.

मारायला सकाळची किंवा उन्हं कलल्यानंतरची वेळ धरा. भिंतीवर आधी पाणी शिंपडा. तापलेल्या कोरड्या भिंतीवर चुना भसकन सुकतो आणि हात लावला की पांढरी पूड निघते. पातळ दोन हात द्या, पहिला वरून खाली, तो सुकल्यावर दुसरा आडवा. एकच जाड थर टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या किटल्या आणि दूध काढायच्या मशीनचे भाग आधीच बाहेर न्या; अल्कली ॲल्युमिनियम खाते.

जमिनीवर फक्की टाकायचा मोह पावसाळ्यात फार होतो. ओल्या मुतारीवर ती टाकली की गोमूत्रातला अमोनिया एकदम सुटतो, माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं, खाली मान घालून बसलेल्या गाईचं काय होत असेल? शिवाय रोज फक्कीत बसून सडांची कातडी कोरडी पडते, भेगा जातात आणि कासदाहाला वाट मिळते. जमिनीला चुना द्यायचाच तर आत्ता, गोठा रिकामा असताना द्या, आणि जनावरं आत घेण्याआधी झाडून धुऊन काढा.

भिंत पूर्ण वाळेपर्यंत जनावरं बाहेरच ठेवा. निदान एक पूर्ण दिवस, वासरांना थोडं जास्त. गव्हाण धुऊनच वैरण टाका. आत घेण्याआधी जनावरांच्या अंगावरच्या गोचिडींचा बंदोबस्त करा, नाहीतर त्याच पुन्हा नव्या जागा शोधतील. दुभत्या गाईला कोणतं औषध चालतं आणि किती दिवसांचं दूध वगळायचं, हे पशुवैद्यकांनाच विचारा. घटसर्प-फऱ्याची लस राहिली असेल तर त्याच फेरीत उरकून घ्या. तीन आठवड्यांनी बॅटरी घेऊन पुन्हा भेगा बघा, कारण चुकून राहिलेली बरीचशी अंडी तोपर्यंत फुटलेली असतात.

उरलेला चुना फेकू नका. पिंपात त्याच्यावर चार बोटं पाणी राहील असं ठेवून झाकण घट्ट लावा, हवा लागली नाही की तो मरत नाही. पाण्याचा हौद रिकामा करून, घासून, आतून याच चुन्याचा हात द्या. तो वाळला की एकदा धुऊन मग हौद भरा. शेवाळ धरू नये म्हणून पावसाळ्यातही दर पंधरा दिवसांनी उघडीप बघून हे करत राहा.